शिवलेला कान

आर्डिस प्रिबिलच्या दुकानातून फाटका कान कधी बाहेर पडला नाही. हरणाचा असो, अस्वलाचा असो, कोल्ह्याचा असो. काटेरी तारेत अडकून फाटलेला, दुसऱ्या नराशी झुंजताना चिरलेला, गोळी चाटून गेलेला, कसलाही कान टेबलावर आला की आधी सुईत दोरा जायचा. ही शिस्त तिच्या वडिलांची. देवाने जसा घडवला तसाच तो माणसाच्या भिंतीवर गेला पाहिजे, असं ते म्हणत. वडील गेले, दुकान आर्डिसकडे आलं, आणि दुकानाबरोबर शिस्तही आली. तिने कधी त्या शिस्तीकडे वळून पाहिलं नाही. आपण सकाळी उठून तोंड धुतो, त्याचा कुठे विचार करतो?

विस्कॉन्सिनच्या उत्तरेकडच्या त्या गावात नोव्हेंबरात शिकारीचे दिवस आले की शाळेचे वर्ग अर्धे रिकामे असायचे आणि आर्डिसच्या अंगणात गाड्यांची रांग लागायची. प्रत्येक गाडीच्या मागच्या हौद्यात एक नर हरीण. मांस घरी जायचं. शिंगं आणि छातीपर्यंतचं कातडं आर्डिसकडे राहायचं. ती कातडं सोलून मीठ चोळायची, कमवायला कारखान्यात पाठवायची, आणि ते परत आलं की फोमच्या साच्यावर चढवायची. काचेचे डोळे, ओल्या दिसणाऱ्या नाकपुड्या, पापण्यांच्या कडा, सगळं एकटीच्या हाताने. तिचं हरीण भिंतीवरून आता पापणी लववेल, असं लोक म्हणत.

या धंद्यात बऱ्याच चुका माफ असतात. मान थोडी जाड झाली, डोळा जरा वटारला, लोक हसून सोडून देतात. एकच गोष्ट माफ नसते. कमवताना कधी कातड्याचे केस झडतात आणि ते वाया जातं. अशा वेळी मालकाला बोलावून सरळ सांगायचं, आणि त्याला चालत असेल तर दुसऱ्या हरणाचं कातडं वापरायचं. पण मालकाला न सांगता त्याच्या शिंगांखाली परक्याचं कातडं चढवलं, तर त्या माणसाची पायरी पुन्हा कुणी चढत नाही. शिकारी माणूस भिंतीकडे बघतो तेव्हा त्याला ती सकाळ दिसते, तो वारा, तो श्वास. तिथे परकं जनावर लटकवणं म्हणजे त्याच्या आठवणीतच भेसळ करणं.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी सकाळी डेल्बर्ट नायगार्ड आर्डिसच्या दारात उभा राहिला तो हाच आरोप घेऊन. आदल्याच दिवशी त्याने आपलं तयार झालेलं हरीण घरी नेलं होतं. तेच हरीण आता त्याच्या कवेत होतं, जुन्या रजईत गुंडाळलेलं.

"हे कुणाचं आहे?" त्याने दारातूनच विचारलं.

"कुणाचं म्हणजे? तुमचंच. काल तर नेलंत."

"शिंगं माझी आहेत. कातडं कुणाचं ते विचारतोय."

आर्डिसचा नवरा लाइल कोपऱ्यात कॉफी पीत बसला होता. कुठलाही प्रसंग थट्टेने निभावता येतो असा त्याचा समज. तो म्हणाला, "काय डेल्बर्ट, सकाळी सकाळी काय ढोसलंस? कॉफीच ना?"

"तू गप रे लाइल. मी तुझ्याशी बोलत नाहीये."

 डेल्बर्टने हरीण टेबलावर ठेवलं, रजई बाजूला केली आणि डाव्या कानावर बोट आपटलं.

"हा कान बघ. आहे का कुठे फाटलेला? नाही ना? माझ्या हरणाचा हा कान फाटका होता. कळलं? फाटका होता! माव्हिसने काल त्याला टेबलावर घेतलं, कानावर हात फिरवला, आणि मला म्हणाली, डेल्बर्ट, हे तू कुणाचं घेऊन आलास?"

माव्हिस म्हणजे त्याची बायको. चर्चमधल्या रविवारच्या शाळेत तिने आर्डिसला शिकवलं होतं, म्हणून आर्डिस अजूनही तिला माव्हिसबाई म्हणायची. साखरेच्या आजाराने बाईंचे डोळे गेले होते. आधी वाचणं गेलं, मग माणसांचे चेहरे गेले, आता फक्त खिडकीचा उजेड कळायचा.

त्या कानाची गोष्ट आर्डिसलाच काय, अर्ध्या गावाला ठाऊक होती. फक्त कान शिवताना ती तिच्या ध्यानात राहिली नव्हती. नायगार्डांच्या कुरणाच्या तारेत एका जूनमध्ये हरणाचं पाडस अडकलं होतं. माव्हिसबाईंनी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि डेल्बर्टने तार कापली. त्या झटापटीत पाडसाचा कान चिरला. गाईच्या सडांना लावायचं मलम बाईंनी त्या जखमेला लावलं आणि पाडस सोडून दिलं. ते जगलं. सफरचंदाच्या झाडांखाली दर हिवाळ्यात येऊ लागलं, मोठं झालं, त्याला शिंगं आली. कानाची ती लोंबती चिरफळी बघून बाईंनी त्याचं नाव ठेवलं चिंध्या. डोळे होते तोवर त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याला बघायच्या. डोळे गेल्यावर विचारायच्या, "आला का रे?" आणि डेल्बर्ट सांगायचा, "आलाय. कान हलवतोय."

गेल्या वर्षी चिंध्या थकलेला दिसू लागला. फासळ्या दिसायला लागल्या, मागचे पाय लटपटत. माव्हिसबाईच म्हणाल्या, लांडग्यांनी फाडून खाण्यापेक्षा तुझ्या गोळीने जाऊ दे, आणि मग त्याला माझ्या घरात आणून दे. डेल्बर्टने शिकारीच्या पहिल्याच सकाळी गोळी घातली. गोठ्यात आणून ठेवलेल्या हरणाशेजारी बाई गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी त्या कानाच्या चिरेत बोट घालून बघितलं. त्या बोटाला आता कुणी खोटं सांगू शकत नव्हतं.

"मी शिवला असेल," आर्डिस म्हणाली.

"असेल? असेल म्हणजे काय?"

"मी सगळेच कान शिवते, डेल्बर्ट. फाटका कान आला की शिवतेच. पण हा शिवल्याचं मला आठवत नाही."

खोटं बोलणारी बाई ठासून म्हणाली असती, हो, मीच शिवला. आर्डिसने खरं सांगितलं आणि ते खोट्यापेक्षा वाईट वाटलं. लाइलनेसुद्धा मान खाली घातली.

"दाखव मग शिवण," डेल्बर्ट म्हणाला.

आर्डिसने चष्मा लावला, दिवा जवळ ओढला. कानाच्या कडेवरून तिने बोट फिरवलं, आतून, बाहेरून, पुन्हा आतून. केस गुळगुळीत, कड अखंड. तिची शिवण कधी सापडायचीच नाही. त्याबद्दलच तर तिचं नाव होतं. वरून फट बुजवायचं लुकण भरलेलं, त्यावर रंग, त्यावर केस बसवलेले. शिवण असेल तर ती आत होती. नसेल तर नव्हती.

आणि मग तिला दुसरं हरीण आठवलं. नोव्हेंबरात डेल्बर्टचं हरीण आलं, त्याच संध्याकाळी कर्मिट श्युटेचंही आलं होतं. तेही म्हातारं, तेवढ्याच अंगाचं, तसल्याच करड्या रंगाचं. दोन्ही कातडी एकाच खोक्यातून कमवून परत आली होती. कातड्याला ओळखीसाठी बांधलेला पत्र्याचा तुकडा साच्यावर चढवताना काढावा लागतो. दोन्ही तुकडे तिने एकाच सकाळी काढले होते. मधे फोन आला होता का? कुणी दारात आलं होतं का? तिला काही म्हणजे काही आठवेना.

"मला थोडा वेळ द्या," ती म्हणाली. "कान उघडून बघावा लागेल. इथे ठेवून जा."

"इथे?" डेल्बर्टने रजई पुन्हा गुंडाळायला घेतली. "इथे ठेवू, आणि तू दुसरा कान शोधून फाडून आणून देशील? नाही बाई. मी काही लपवूनही ठेवणार नाही. आज शुक्रवार आहे. संध्याकाळी कर्मिटच्या खानावळीत सगळे असतील, सगळ्यांना कळू दे."

तो गेला. लाइलने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आर्डिस, बदललं नाहीयेस ना गं?"

"तूसुद्धा?"

"मी विचारलं फक्त."

"मला माहीत नाही," ती म्हणाली, आणि हात धुवायला गेली. हात स्वच्छच होते.

कर्मिट श्युटेच्या खानावळीत शुक्रवारी संध्याकाळी तळलेला मासा असतो. गावातलं कुणी तो चुकवत नाही. लग्न नि मयतीसुद्धा शुक्रवार टाळून ठरतात. लाइल म्हणाला, आज नको जाऊया. आर्डिस म्हणाली, आज गेलं नाही तर कायमचंच गेलं नाही. तिने चर्चला घालते तो निळा सदरा घातला आणि ती गेली.

दार उघडल्यावर गप्पा थांबल्या. मग सगळे एकदम बोलायला लागले, मोठ्याने, उगाचच. डेल्बर्ट भिंतीजवळच्या टेबलावर पाठ करून बसला होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही. त्याचं बोलून झालं होतं, हे कळायला आणखी काही लागत नव्हतं.

कर्मिट ताटल्या घेऊन आला. "ये आर्डिस. मासा आमच्याच तलावातला आहे बरं का. कातडंही त्याचंच आहे."

आजूबाजूचे हसले. आर्डिसही हसली, न हसणं आणखी वाईट दिसलं असतं. पण तिची नजर त्याच्या डोक्यावरून वर गेली होती. तिथे, बाटल्यांच्या फळीच्या वर, भिंतीवर कर्मिटचं हरीण होतं, तिनेच बनवलेलं. त्याचे दोन्ही कान अखंड होते. डावा कान तिने इतका निरखून पाहिला की तो हलतोय असं वाटायला लागलं. तिथे शिवण असली तर? तर माव्हिसबाईंचा चिंध्या इथे लटकतोय, आणि त्याच्याखाली सगळा गाव मासे खातोय.

"कर्मिट," तिने हळूच विचारलं, "तुझ्या हरणाचा कान फाटका होता का रे?"

"कान?" कर्मिटने वर बघितलं. "अगं, मी शिंगं बघत होतो. कान कोण बघतं?"

जाता जाता रॉली बेनेके टेबलाजवळ थांबला. गेली कित्येक वर्षं त्याचं दर नोव्हेंबरचं हरीण आर्डिसकडे यायचं. त्याने टोपी हातात फिरवली. "आर्डिस, या वर्षी मी म्हणतोय दुसरीकडे द्यावं. जरा लांब पडेल, पण... मेहुण्याच्या ओळखीचा आहे एक. मनाला लावून घेऊ नकोस हं."

"नाही लावून घेत," आर्डिस म्हणाली. ताटलीतला मासा तसाच राहिला.

घरी येताना गाडीत लाइल म्हणाला, "तू कान उघडलास आणि शिवण निघालीच नाही, तर?"

"तर कर्मिटच्या भिंतीवरचंही उतरवायचं."

"आणि मग दुकान?"

 दुकानाचं काय होईल हे दोघांनाही माहीत होतं.

शनिवारी सकाळी ती न बोलावता नायगार्डांच्या दारात गेली. हातात हत्यारांची पेटी, एक वाडगा आणि कापसाची गुंडाळी. डेल्बर्ट दार अडवून उभा राहिला.

"आता काय?"

"कान उघडायचाय. तुमच्यासमोर, तुमच्या घरात."

"आणि तो माझाच निघाला, तर? तर तू दुसऱ्यांदा त्याचा कान फाडलास असं होईल."

"होईल," आर्डिस म्हणाली.

आतून आवाज आला. "कोण आहे रे? आर्डिस का? दारात काय उभी केलीस तिला, ती काय झाडू विकायला आलीय? आत येऊ दे."

स्वयंपाकघराच्या टेबलावर हरीण होतं, मानेच्या फळीवर उभं, खिडकीकडे तोंड करून. शेजारी लोणी, ब्रेड, गोळ्यांची डबी. माव्हिसबाई खुर्चीत बसल्या होत्या, एक हात हरणाच्या गळ्यावर, जशी म्हातारी बाई सवयीने मांजरावर हात ठेवते. परकं असेल म्हणूनही त्यांनी हात काढला नव्हता.

"बस. काय करायला लागेल ते सांग."

"कानावर ओला कापूस ठेवावा लागेल. कातडं मऊ व्हायला वेळ लागतो. मग कडेचा रंग खरवडून दोरा शोधायचा. दोरा सापडला तर शिवण आहे. शिवण असली तर कान तुमचाच."

"आणि नसली तर?"

आर्डिसने कापूस कोमट पाण्यात बुडवला. "नसली तर मी गावासमोर उभी राहून सांगेन."

कापूस कानाला गुंडाळून झाला. आता थांबायचं होतं. डेल्बर्टने न विचारता तिच्यापुढे कॉफी ठेवली. राग असला तरी त्या घरात आलेल्या माणसाला कॉफी न देणं कुणाला जमलं नसतं. कप मात्र त्याने असा आपटला की अर्धी कॉफी बशीत आली.

"लहान असताना तू खोटं बोलायला लागलीस की ओठ चावायचीस," माव्हिसबाई म्हणाल्या. "एकदा प्रार्थनेच्या खोलीतला केक तू खाल्लास आणि ओठाला रक्त येईस्तोवर चावत बसलीस. आठवतंय?"

"आठवतंय."

"आता मला तुझे ओठ दिसत नाहीत. तेव्हा तोंडाने सांग. तू मुद्दाम बदललंस का गं?"

"नाही, बाई."

"चुकून बदललं गेलं असेल?"

घड्याळ वाजत होतं. डेल्बर्ट सिंकला टेकून उभा होता, हाताची घडी घालून. आर्डिसला माहीत होतं की 'नाही' म्हटलं तर ते निभावून जाईल. शिवण निघाली तर कुणी पुन्हा विचारणारही नाही.

"असू शकतं," ती म्हणाली. "त्याच दिवशी कर्मिटचं हरीण आलं होतं. दोन्ही अगदी सारखी होती. मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही."

"ऐकलंस!" डेल्बर्ट पुढे आला. "कबूल झाली! मी काल काय म्हणालो?"

"गप रे, डेल्बर्ट. ती कबूल झालेली नाही, ती खरं बोलतेय. दोन्ही एक नसतं." मग बाई थांबल्या, आणि आवाज जरा खाली आला. "पण आर्डिस, हा तो नसला तर मला सहन व्हायचं नाही. तेही तू ऐकून ठेव."

 आर्डिसने मांडीवर हात जोडले. प्रार्थना करायची म्हटल्यावर पहिला शब्द मनात आला तो 'शिवण निघू दे' असा. तो तिने गिळला. देवाजवळ असं काही मागायला तिला लाज वाटली. जे आहे ते दिसू दे, एवढंच म्हणाली.

कापूस काढल्यावर कानाची कड ओल्या कागदासारखी नरम झाली होती. तिने बारीक चाकूने टोकाकडून रंग खरवडायला सुरुवात केली. करडा रंग निघाला, खाली पांढरं लुकण असायला हवं होतं. लुकण नव्हतं. नुसतं कातडं. तिने आणखी थोडं खरवडलं. कातडंच. सुईचं टोक कडेवरून हळूहळू ओढत नेलं, दोऱ्याला अडकेल म्हणून. कुठेही अडकलं नाही.

डेल्बर्टला खरवडण्याचा आवाज ऐकू येत होता, आणि सुई मोकळी सरकतेय तेही दिसत होतं. त्याचा चेहरा आता रागाचा नव्हता. तो बायकोकडे बघत होता.

"काय झालं?" माव्हिसबाईंनी विचारलं. "कुणीतरी बोला."

"अजून सापडलं नाही," आर्डिस म्हणाली. 

"कुठे शोधतेयस तू?"

"टोकाकडून खाली येतेय."

"टोकाला कशाला? टोकाला नव्हताच तो. खाली, मुळाशी. बाहेरच्या कडेला." बाईंनी हात पुढे केला, अंदाजाने आर्डिसचं मनगट पकडलं, आणि दुसऱ्या हाताने कान चाचपत तिचं बोट खाली खाली नेलं, कान डोक्याला मिळतो तिथवर. "इथे."

तिथे केस दाट होते. आर्डिसने ते ओल्या बोटाने दोन्ही बाजूंना सारले. चाकूचं टोक टेकवलं, जरासं खरवडलं, आणि पात्याखाली काहीतरी खरखरलं. पांढरं लुकण. त्याच्याखाली, खसखशीच्या दाण्याएवढी, मेण लावलेल्या दोऱ्याची गाठ.

तिने श्वास सोडला तो इतका मोठ्याने की बाईंनी विचारलं, "आहे?"

"आहे."

"काप मग."

"कापलं की मला तो पुन्हा शिवता येणार नाही. म्हणजे, येईल, पण..."

"पुन्हा शिवायला कुणी सांगितलंय तुला?"

तिने गाठ तोडली. दोरा बाहेर आला, एकेका टाक्याने, ओढावा तसा. समोरचं कातडं सुटलं, मग मागचं. आत कानाला आकार द्यायला घातलेला प्लास्टिकचा पत्रा होता. तो बारीक करवतीने चिरेच्या रेषेवर कापायला लागला. प्लास्टिकचा भुगा लोण्याच्या वाटीत पडला आणि डेल्बर्टने तो निमूटपणे चमच्याने काढून टाकला. कान उघडला. कडेपासून आत गेलेली चीर, जशी कुणी घाईघाईत कागद फाडावा तशी.

"बघा आता," आर्डिस म्हणाली.

माव्हिसबाईंनी कानाच्या टोकापासून बोट खाली आणलं आणि चिरेत घातलं. बोट आत गेलं, थांबलं, परत बाहेर आलं, पुन्हा आत गेलं. त्यांचा चेहरा आधी सैल झाला. मग कपाळावर आठी आली.

"टोक कुठे आहे?"

"कसलं टोक?" डेल्बर्टने विचारलं.

"चिरेच्या खालच्या अंगाला एक लोंबतं टोक होतं. माझ्या करंगळीच्या नखाएवढं. ते कुठे गेलं?"

आणि त्या क्षणी आर्डिसला आठवलं. तिला स्वतःला नव्हे, तिच्या हाताला. अंगठा नि बोट यांच्या मधे धरलेलं एक चिवट, वाकडं टोक, शिवणीत बसत नव्हतं ते. दोन्ही कडा नीट जुळाव्यात म्हणून तिने कात्री घेतली होती. खट्. मग टेबलाखालच्या डब्यात.

"होतं," ती म्हणाली. "मी कापलं."

"का?"

"शिवणीत बसत नव्हतं."

 माव्हिसबाईंचं बोट अजून तिथेच होतं, जिथे ते टोक असायला हवं होतं तिथे.

"पाडस असताना डेल्बर्ट म्हणाला होता, ते लोंबतंय ते कात्रीने उडवून टाकू," शेवटी त्या म्हणाल्या. "मीच नको म्हटलं. म्हटलं, राहू दे, त्याचं आहे. मलम लावलं, ते सुकलं, राहिलं. धावताना ते हलायचं. मी लांबून त्याच्यावरूनच ओळखायची."

आर्डिसला वाटलं होतं की दोरा सापडला की तिच्या छातीवरचा धोंडा उतरेल. तो उतरला होता. पण त्याच्या खाली दुसराच निघाला होता, आणि तो कुणी तिच्यावर ठेवलेला नव्हता.

"मी दुसरं टोक लावून देते," ती घाईघाईने म्हणाली. "माझ्याकडे कातड्याचे तुकडे आहेत, अगदी याच रंगाचे. असं बसवेन की बोटालासुद्धा..."

"कुणाचं?" माव्हिसबाईंनी विचारलं.

"अं?"

"ते टोक कुणाचं असेल?"

 सिंकपाशी डेल्बर्टला आधी खोकला आल्यासारखं झालं, आणि मग तो हसायलाच लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अगं बाई, याच्यावरूनच तर कालपासून गावभर बोंब मारतोय मी!"

माव्हिसबाईंच्या ओठाचा कोपरा हलला. "परक्याचं नको," त्या म्हणाल्या. "तोच आहे. उरला आहे तेवढा पुरे. पण आर्डिस, सुई घेण्याआधी तू विचारायला हवं होतंस."

"हो."

"मी सांगितलं असतं."

"हो, बाई."

ओला कान वाळताना आकसतो, वाकतो. आर्डिसने पुठ्ठ्याचे तुकडे कापले, चिरेच्या दोन्ही बाजूंना लावले, आणि टाचण्यांनी घट्ट बसवले. हरीण दुकानात नेते म्हणाली, तर बाईंनी ऐकलं नाही. तो इथेच वाळेल, आम्ही त्याच्या बाजूला बसून जेवू, म्हणाल्या. मग टाचण्या सैल करायला तू इथे येत जा.

डेल्बर्ट तिला गाडीपर्यंत सोडायला आला. पेटी त्याने स्वतःच उचलली होती. गाडीच्या मागे ती ठेवून तो बराच वेळ झाकण बंद करत राहिला, जसं काही ते बंद होतच नाही.

"काल कर्मिटकडे मी बोललो," तो म्हणाला.

"बोललात."

"आजच जातो. दुपारी तिथे कुणी नसतं, पण कर्मिट असतो. त्याला सांगितलं की काम झालं, पुढच्या शुक्रवारची वाट बघायला नको." त्याने टोपी मागे सारली. "रॉलीकडेही जातो. त्याला सांगतो की कातडं आमचंच आहे, शिवण आम्ही डोळ्यांनी बघितली, आर्डिसने काही बदललं नाही. बस ना एवढं?"

आर्डिस गाडीचं दार धरून उभी होती. एवढं बस होतं. एवढ्यासाठीच ती आली होती. एवढ्यावर रॉलीचं हरीण नोव्हेंबरात तिच्या अंगणात आलं असतं, आणि बाकीच्यांचंही.

"मी टोक कापून टाकलं, तेही सांगा," ती म्हणाली.

"अगं, ते कशाला? ते घरातलं आहे. त्याने तुझाच धंदा..."

"दोन्ही सांगा, डेल्बर्ट."

त्याने तिच्याकडे बघितलं. मग खिडकीकडे बघितलं, जिथे काचेमागे शिंगं दिसत होती आणि त्यांच्या शेजारी माव्हिसबाईंचं पांढरं डोकं.

"बरं," तो म्हणाला. "दोन्ही सांगतो."